आजीचा आवाज, कार्ड नंबर 37

हात वर करा, कोणाकोणाच्या घरी अजून व्हीसीआरच्या कॅसेट्स आहेत? लाजू नका. शोकेसच्या खालच्या कप्प्यात, जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे, काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात. आमच्याकडे अशा 3 निघाल्या. 2 कोणाच्या तरी लग्नाच्या (कोणाच्या, हे घरात कोणालाच आठवत नाही). तिसरीवर निळ्या बॉलपेनने लिहिलेलं: 'बारसं, 1997'.

म्हणजे माझं!

चिपळूणहून आईचा फोन आला तेव्हा मी एका क्लायंटच्या ब्रोशरमध्ये अडकले होते. आई म्हणाली, "अगं, त्यात आजी पाळणा म्हणतीये. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही गं." मी लॅपटॉप बंद केला. आजी गेली तेव्हा मी 4 वर्षांची होते. तिचे फोटो आहेत, नऊवारी आहे, लोणच्याची बरणी आहे. आवाज नाही.

मास कॉमच्या डिग्रीत आम्हाला एडिटिंग शिकवलं, कॅमेरा शिकवला, पण 1997 ची कॅसेट 2020 नंतरच्या लॅपटॉपमध्ये कशी घालायची हे काही शिकवलं नाही. कोकणातल्या पावसात टेपवर पांढरी बुरशी चढली होती. ती एका रिपेअरवाल्या काकांनी साफ करून दिली आणि बजावलं, "टेप थकलीये, उगाच फिरवत बसू नका." स्टुडिओवाला 3 आठवडे कॅसेट ठेवून घेतो म्हणाला. आईने चक्क नाही म्हटलं.

मग मी काय केलं असेल? तापकीर गल्ली! साडेपाचशे रुपयांत यूएसबी डोंगल. एका टोकाला पिवळी-पांढरी-लाल पिन, दुसऱ्या टोकाला यूएसबी. सोबत एक छोटी सीडी. (माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. असो.) दुकानदार म्हणाला, "चालेल मॅडम, सगळ्यात चालतं." माझ्या लॅपटॉपने डोंगलकडे बघून एकदा 'टुंग' केलं आणि विषय संपवला.

आता एंट्री मामाची. माझा मामा चिंचवडला राहतो, आयटीत आहे आणि कॉलेजपासून लिनक्सवाला आहे. भाच्यांना वाढदिवसाला पेन ड्राइव्ह देणारा मामा, त्यावरून ओळखा. त्याने डोंगल आपल्या मशीनला लावलं, काळ्या खिडकीत 2 ओळी टाइप केल्या आणि हसला. "लॉटरी लागली, पण उलटी."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या डोंगलचा डबा एकच असला तरी पोटातली चिप वेगवेगळी असते. कधी सिंटेकची एसटीके1160, कधी एम्पियाची, कधी फुशिकाईची, कधी सोमॅजिकची. बाहेरून ओळखायला शून्य वाव. पहिल्या तिघींचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच आहेत, लावलं की चाललं. सोमॅजिकचा मात्र कर्नलमध्ये नाही. तिला आधी विंडोजच्या ड्रायव्हरमधून फर्मवेअर उकरून भरवावं लागतं, मग ती जागी होते. आमच्या नशिबात कोण आलं असेल, सांगायची गरज आहे का?

(ज्यांना ड्रायव्हर म्हटलं की ओलावालाच आठवतो त्यांच्यासाठी: ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातला दुभाषा. तो नसेल तर दोघं समोरासमोर बसून एकमेकांची तोंडं बघतात.)

मामा माळ्यावर चढला. खाली आला तो हातात धुळीने माखलेलं एक हिरवं कार्ड घेऊन. टीव्ही ट्यूनर! 2004 मध्ये त्याने पहिल्या पगारातून घेतलेलं. तुमच्यातल्या थोड्या सीनियर मंडळींना आठवत असेल, तेव्हा असेम्बल्ड पीसीत हे कार्ड टाकायची काय क्रेझ होती. केबलची वायर थेट सीपीयूच्या मागे, कोपऱ्यात छोट्या खिडकीत मॅच आणि बाकी स्क्रीनवर 'प्रोजेक्ट'. कार्डावर एक पत्र्याची डबी असते, तो ट्यूनर. पुण्यातलं केबल 2013 मध्ये डिजिटल झालं, मुंबईत त्याआधीच, 2012 च्या शेवटी. तेव्हापासून त्या डबीला ऐकायला काही उरलं नाही. पण तिच्याच बाजूला एक पिवळी पिन बसेल असं भोक आहे, कॉम्पोझिट इनपुट. व्हीसीआरला तेवढंच लागतं.

"पण याची सीडी कुठाय?" मी विचारलं.

"सीडी काय करायचीये? सीडीत एक्सपीचा ड्रायव्हर असणार."

तिथेच गोम आहे. अशा बऱ्याच कार्डांसाठी कंपन्यांनी एक्सपीनंतर काही केलं नाही. 64-बिट विंडोजला 64-बिटचा, सही केलेला ड्रायव्हर लागतो. तो कोण बनवणार? धंदा संपला, कार्ड विकून झाली. कार्ड ठणठणीत, तरीही कचरा.

लिनक्समध्ये याच कार्डाच्या ड्रायव्हरचं नाव बीटीटीव्ही. कार्डावरच्या मुख्य चिपचं नाव बीटी878. 'बीटी' म्हणजे ब्रुकट्री. ती कंपनी 1996 मध्ये रॉकवेलने घेतली, 1999 मध्ये तो सगळा भाग कोनेक्झंट म्हणून वेगळा निघाला, 2017 मध्ये कोनेक्झंटला सिनॅप्टिक्सने घेतलं. चिपचं माहेर 3 वेळा बदललं! ड्रायव्हरच्या कोडवर मात्र 1996 पासूनची नावं आहेत, आधी राल्फ आणि मार्कस मेट्झलर, मग गेर्ड क्नोर, मग पुढचे. माझ्यापेक्षा 1 वर्षाने मोठा ड्रायव्हर, आणि अजून नोकरीत.

मामाने कार्ड एका जुन्या कोअर टू ड्युओ मशीनमध्ये बसवलं. नव्या मदरबोर्डवर पीसीआयचा स्लॉटच नसतो. आणि ज्या पेंटियममध्ये ते आधी होतं तो 32-बिटचा, त्याच्यासाठी डेबियन 13 चा इन्स्टॉलरच निघत नाही. म्हणजे मशीन जुनं हवं, पण फार जुनं नको. लग्नाच्या जाहिरातीसारखं.

मशीन सुरू झालं. ड्रायव्हर आपोआप लोड झाला आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितलं: कार्ड ओळखता आलं नाही, 0 नंबर धरतो, 'अननोन/जेनेरिक'.

मला वाटलं, संपलं. मामाला वाटलं, आता मजा.

झालं असं की मुख्य चिप तीच घेऊन जगभरात ढिगाने कार्ड निघाली. चिपची कुठली तार कुठल्या भोकाला जोडायची, हे मात्र प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरवलं. चांगल्या कार्डांवर एक छोटी मेमरी असते, तिच्यात 'मी अमुक' असं लिहिलेलं. स्वस्त कार्डांवर तेवढेही पैसे वाचवले. मग ओळखणार कसं? ज्याच्याकडे जे कार्ड होतं त्याने ते उघडलं, तारा तपासल्या, आकडे काढले आणि ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना कळवले. एकेक करत यादी दीडशेच्या वर गेली. प्रत्येक कार्डाला एक नंबर. प्रत्येक नंबरामागे रात्री 2 वाजता स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेला कोणीतरी.

आमच्या कार्डावरचं स्टिकर कधीच उडालेलं. मामा नंबर टाकत गेला. 16, काळा पडदा. 10, काळा पडदा. 70, पडद्यावर हिरव्या रेघा. ड्रायव्हर उतरवायचा, नवा नंबर देऊन चढवायचा, परत बघायचं. मी 2 वेळा चहा केला. 37 वर व्हीसीआरचा निळा पडदा दिसला आणि कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत 'प्ले'. मी मामाला टाळी दिली.

आणि इथे आम्ही माती खाल्ली. आनंदाच्या भरात सरळ बारशाची कॅसेटच घातली!

चित्र आलं. वरच्या कडेला थोडं हलणारं, रंग जरा उतरलेले, पण आलं. घरातला जुना सोफा. आई, माझ्यापेक्षा लहान! आणि फुलांनी सजवलेल्या पाळण्याची दोरी धरून आजी. ती वाकली, तिने गायला सुरुवात केली, ओठ हलायला लागले.

आवाज नाही.

मी मामाकडे बघितलं. मामा वायरकडे बघत होता. कॉम्पोझिटमधून फक्त चित्र येतं, आवाज कार्डात शिरतच नाही. तो व्हीसीआरच्या पांढऱ्या पिनमधून वेगळ्या वायरने साउंड कार्डाच्या निळ्या भोकात न्यायचा असतो. वायर लावलेली होती. मिक्सरमध्ये मात्र रेकॉर्डिंग माइकवर होतं आणि लाइन-इन म्यूट. इतकंच. 'टेप उगाच फिरवू नका' म्हणून बजावलेलं, आणि एक फेरी आम्ही मूकपटात घालवली. मामाने टेप थांबवली. 5 मिनिटं कोणी कोणाशी बोललं नाही.

मग त्याने 1996 च्या वर्ल्ड कपच्या मॅचची कॅसेट काढली. प्रयोगासाठी ही आधीच काढायला हवी होती, हे त्यालाही कळत होतं, म्हणून मी बोलले नाही. अर्धा तास मॅचवर सगळं ताडून बघितलं. आवाज येतो का, फुटतो का, डिस्कवर जागा पुरते का. जागेचं प्रकरण गमतीचं आहे. 720 बाय 576 चं पीएएल चित्र, सेकंदाला 25 फ्रेम, काही न दाबता साठवलं तर तासाला 75 जीबीच्या आसपास जातं. माझ्या बारशाला 75 जीबी!

मॅच चालू असताना मामाने जे सांगितलं ते ऐकून मला जरा धडकीच भरली. हा ड्रायव्हर मधे जाता जाता राहिला होता. कर्नलमध्ये व्हिडिओचा डेटा हाताळायची एक जुनी पद्धत होती, व्हिडिओबफ. 2011 मध्ये तिची जागा घ्यायला नवी आली, व्हिडिओबफ2. सगळ्या ड्रायव्हर्सनी नव्या घरात जायचं असं ठरलं. बरेच गेले, काही तसेच राहिले, कारण हलवायचं काम करायला माणूस नव्हता. शेवटी जुनं घर पाडायची वेळ आली, आणि जे हलले नाहीत त्यांना बाहेरचा रस्ता. टीएम6000 नावाच्या यूएसबी टीव्ही स्टिकचा ड्रायव्हर 2023 मध्ये असाच काढून टाकला. बीटीटीव्हीही जुन्याच घरात होता. त्याच वर्षी एका डेव्हलपरने बसून त्याचं रूपांतर केलं आणि तो वाचला.

"पण कोड तर सगळ्यांना उघडाच आहे ना? कोणीही करू शकतं," मी माझं मास कॉमचं ज्ञान पाजळलं.

"करू शकतं. पण केलेलं चालतंय का हे बघायला टेबलावर कार्ड लागतं. तेही चालू मशीनमध्ये. आता किती जणांकडे असेल?"

ओपन सोर्स म्हणजे सगळं कायमचं आणि फुकट, असं मी आजवर 2 लेखांत तरी लिहिलं असेल. ते लेख आता उघडून बघायची माझी हिंमत नाही. काढून टाकलेला कोड इतिहासात सापडतो, हे खरं. पण नवा कर्नल त्याला ओळख देत नाही. मग जुना कर्नल, जुनं मशीन, सगळंच जपायचं. आमच्या कार्डाच्या कंपनीला ते कार्ड आठवत असेल का, देव जाणे. त्याच्या 37 नंबरला मात्र कोणीतरी 2023 मध्ये हात धरून रस्ता ओलांडून दिला होता.

रात्री 11 वाजता बारशाची कॅसेट दुसऱ्यांदा घातली. मामाने वायर बोटाने दाबून बघितली, मिक्सर 3 वेळा बघितला. मी आईला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

आधी नुसती खरखर. मग भांड्यांचा आवाज, कोणीतरी 'फोटो काढा, फोटो काढा' म्हणतंय. आणि मग आजी. मला वाटायचं तसा गोड-बिड आवाज नव्हताच. जाडसर, थोडा फाटलेला, सुरापेक्षा ठेक्याला धरून. मधे एकदा खोकली आणि तिथूनच पुढे गेली.

फोनवर आई गप्प. मी 2 वेळा 'हॅलो' केलं.

पाळण्यात बाळाचं नाव घ्यायची ओळ आली. आजीने नाव घेतलं. माझं नव्हतं! कोणीतरी मागून हसलं, आत्याचा आवाज आला, आजी थांबली आणि मग जरा फुरंगटून माझं नाव घेतलं.

"तिला तेच ठेवायचं होतं," आई फोनवरून म्हणाली. "आत्याने ऐनवेळी बदललं. महिनाभर बोलल्या नव्हत्या दोघी."

हे मला 28 वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

फाइलच्या शेवटी आवाज चित्राच्या सेकंदभर मागे पडतो, ते मामा दुरुस्त करणार आहे. कार्ड त्याने परत माळ्यावर टाकलेलं नाही. कारण आईने ही बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली आणि आत्तापर्यंत त्याच्याकडे 11 कॅसेट्स येऊन पडल्यात. त्यातली एक आत्याची आहे.