आधी गू तपासा

वाशीमचा इतिहास सांगणारे वाकाटकांपासून सुरू करतात. वत्सगुल्म, राजधानी, हरिषेण राजा. आपण पोटापासून सुरू करू. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा, वाशीम, कुठंही गावकुसाबाहेरच्या वस्तीत जा आणि एखाद्या मायले इचारा, लेकराचं पोट असं डेऱ्यावाणी काहून? माय म्हणते, जंत असतीन बापा. आणि लगेच आळ स्वतःवर घेते : लय गूळ खाते ते.

खोटं आहे हे. गुळानं जंत होत नाहीत. झोपेत दात खाल्ले म्हणून जंत ठरत नाहीत. जंत होतात गुवानं. दोस्तहो, शब्दाला नाक मुरडू नका. गू उचलायला या देशानं जाती राखून ठेवल्या, 1993 ला एक कायदा केला, 2013 ला दुसरा करावा लागला. निदान आपण तरी तो शब्द बिचकून उच्चारू नये.

एक मादी जंत दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती गुवावाटे मातीत येतात. ओलसर, सावलीची, चिकण माती त्यांना मानवते. दोन-चार आठवड्यांत अंडं पिकतं. मग ते नखात, भाजीत, पाण्यात आणि तिथून पोटात. आतड्यात अळी फुटते, रक्तातून यकृतात, फुप्फुसात जाते, श्वासनळीतून वर चढते, गिळली जाते, परत आतड्यात येऊन वीतभर-दीड वीत वाढते. 1922 साली जपानच्या कोइनो नावाच्या डॉक्टरानं हे पाहायला स्वतः दोन हजार अंडी गिळली आणि स्वतःच्याच थुंकीत अळ्या सापडवल्या. आपल्याकडं पोराचा गू कागदाच्या पुडीत आणला तरी लोक तोंड फिरवतात.

तपासणी म्हणजे काही मोठी विद्या नाही. काचेवर सलाईनचा थेंब, त्यात कणभर गू, वर पातळ काच, मायक्रोस्कोपला डोळा. पिवळट-तपकिरी, खडबडीत कवचाचं अंडं दिसलं की निदान झालं. मोजायचं असेल तर काटो-काट्झची पद्धत आहे. काट्झनं ती ब्राझीलमध्ये 1972 साली सुधारून दिली. आपली माणसं दुष्काळी कामावर सुकडी खात होती, ते साल. 41.7 मिलिग्रॅम गू, अंडी मोजा, 24 नं गुणा. ग्रॅमला पन्नास हजारांवर गेली म्हणजे भारी लागण. अशा पोटात जंतांचा गुंता होऊन आतडं बंद पडू शकतं, पोट फाडावं लागतं. मात्र अळी फुप्फुसात असते तेव्हा पोरगं नुसतं खोकतं, गुवात काहीच सापडत नाही. अंडी यायला लागणीपासून दोन-तीन महिने जातात. म्हणून एकदा 'नॉर्मल' आलं की विषय संपला, असं नाही. शंका असेल तर परत तपासा.

आता गोळी. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन आहे. एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्या पोरांना अल्बेंडाझोल, तपासणी न करता. गोळी खाऊ नका असं मी म्हणत नाही, खाच. स्वस्त आहे, गोल जंतावर चांगली लागू पडते, आणि एकेकाला तपासत बसण्यापेक्षा सरसकट देणं परवडतं, हा हिशोबही मला कळतो. पण तीच अंडी अंगणात पडलेली असतील तर काही महिन्यांत पोट पुन्हा भरणार. आणि निंदायला जाणारी माय? विशी गाठली की ती मोहिमेतून बाद. तिच्या हाताला माती लागत नाही का?

नीती आयोगानं 2018 साली वाशीमला आकांक्षित जिल्हा म्हटलं. मागासलेला हा शब्द संस्कृतात धुऊन घेतला, बस्स. त्याच साली एप्रिलात ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. घोषणा मुंबईत होते. मातीतलं अंडं वर्षानुवर्षं जगतं, त्याला घोषणा ऐकू येत नाही. नुसत्या क्लोरीननंही ते मरत नाही. पाणी उकळावं लागतं, आणि उकळायला सरपण लागतं. ज्या संडासात ओतायला पाणी नाही तो संडास गोवऱ्या ठेवायलाच बरा, असं म्हणणाऱ्या बाईला अडाणी ठरवणारे पोटभरू लोक मी पाहिलेत.

महायुद्धानंतरच्या जपानात साठ टक्क्यांवर लोकांच्या पोटात जंत होते. त्यांनी शाळाशाळांतून पोरांचा गू गोळा केला, तपासला, ज्याच्यात सापडलं त्याला औषध दिलं, पुन्हा तपासला. वर्षानुवर्षं. शेतात ताजा गू टाकणं मागं पडलं. तिथं जंत आता शोधावा लागतो.

तुमच्यातले कितीतरी जण नर्सिंगला, डीएमएलटीला, मेडिकलला आहेत. सुट्टीत गावी जाल तेव्हा आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. मायक्रोस्कोप कुठाय, शेवटचा गू कधी तपासला, रजिस्टर दाखवा, असं विचारा. नाही म्हणाले तर लेखी मागा. आणि गोळीच्या दिवसानंतर दोन-तीन आठवड्यांनी वस्तीतल्या पोरांचे नमुने घेऊन परत त्याच दारात उभे राहा.