जाणारे आणि राहणारे

कर्तव्यनिष्ठ मूल कोणते? आईबापांजवळ राहणारे, की त्यांच्यासाठी समुद्रापार जाणारे? उत्तर देण्याची घाई करण्यापूर्वी आयर्लंडच्या इतिहासाकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

१८४५ साली तेथील बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढील सुमारे सात वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसे भुकेने व रोगराईने मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. दुष्काळ सरला, तरी जाणे थांबले नाही. जमिनीचे आणखी तुकडे पडू नयेत म्हणून शेत बहुधा एकाच मुलाकडे जाई. इतर भावंडांना बोट गाठण्यावाचून गत्यंतर नसे. अमेरिकेत घरकाम करणाऱ्या मुली पगारातून पैसे पाठवीत. त्यांतून जमिनीचा खंड भरला जाई, पाठच्या भावंडाचे तिकीटही निघे. निघण्याच्या आदल्या रात्री शेजारीपाजारी जमून मृताजवळ जागावे तसे जागत. या रात्रीला 'अमेरिकन जागर' अशा अर्थाचेच नाव होते. कारण गेलेले माणूस सहसा पुन्हा दिसत नसे.

१ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील नव्या ठाण्यात प्रथम नोंद झाली, ती कॉर्कच्या ॲनी मूरची. दोन धाकट्या भावांना घेऊन ती आईबापांकडे आली होती. तिचे पुतळे आज दोन्ही तीरांवर आहेत. परंतु म्हातारी माणसे सांभाळीत मागे राहिलेल्या मुलीचे काय? जेम्स जॉइसच्या १९१४ सालच्या 'डब्लिनर्स' या संग्रहात अशी एक एव्हलिन आहे. घर सांभाळण्याचे वचन तिने मरणोन्मुख आईला दिलेले असते. ती धक्क्यापर्यंत येते. बोटीत मात्र चढू शकत नाही.

आमचे मत असे की, जाणे आणि राहणे ही एकाच कर्तव्याची दोन अंगे होत. दोष कोठे असेल, तर सारा भार न विचारता एकाच्याच माथी टाकण्यात आहे. जाणाऱ्याने पैसे पाठविले म्हणजे तो ऋणमुक्त झाला असे नाही. आणि राहणाऱ्याची इच्छा कोणी विचारलीच नाही, तर त्याच्या राहण्याला त्याग तरी कसे म्हणावे?

आमच्या गोव्यातील कितीतरी घरांनीही मुंबईची, आफ्रिकेची, आखाती देशांची वाट धरलेली आहे. विद्यार्थीमित्रांनो, उद्या तुमच्याही घरी हा प्रश्न येईल. तेव्हा सर्वांनी एकत्र बसून बोलावे. पैसे पाठविणाऱ्याचे नाव घरात आदराने घेतले जाते. आजीच्या औषधाची वेळ सांभाळणाऱ्याचेही तितक्याच आदराने घ्यावे.