येळवशीची भज्जी आणि परदेशी वाटाणा



येळवशीला आपण ज्वारीच्या रानात कोप करतो, पांडव पुजतो आणि वाटसरूलाही हाताला धरून भज्जी-आंबील वाढतो. भज्जीतली कापसातली तूर, ओला हरभरा, शेंगा, बेसन, सगळे आपल्याच घामाचे. त्या दिवशी आपण दाते. एरवी?

मे २०२१ मध्ये सरकारने तुरीची आयात खुली केली. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्यावरचे आयातशुल्क काढले. बेसनात हरभऱ्याऐवजी वाटाण्याचे पीठ गेले, की हरभऱ्याचा भाव दबणारच. इंडियाची भजी स्वस्त, भारताची भज्जी महाग!

कोपीत आम्ही फुकट वाढू, तो आमचा धर्म. बाजारात फुकट देणार नाही. या येळवशीला गावोगाव ठरवा: मत मागायला येणाऱ्याला आधी आयातीचा जाब विचारायचा. दान आम्ही देतो. मागतो ते फक्त दाम!