दोन तोळ्यांचा पाहुणा

आपला मांजरसुंबा बालाघाटाच्या डोंगरांत वसलेला आहे. तलावांत पाणी किती उरलें, ही चिंता येथें घरोघर असते. परंतु पाण्याप्रमाणेंच तलावाच्या कांठचा चिखलही मोलाचा आहे, असें कोणी म्हटल्यास पुष्कळांस हसूं येईल. त्या चिखलावर ज्याचें पोट अवलंबून आहे अशा एका लहानशा पक्ष्याची बाजू विद्यार्थ्यांपुढें व पालकवर्गापुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या पक्ष्याचें नांव छोटा टिलवा. आकार चिमणीएवढा, पाठ करडी, पोट पांढरें, चोंच व पाय काळे. वजन सुमारें २५ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें जवळजवळ दोन तोळे. उत्तर ध्रुवाजवळील सैबेरियाचा वृक्षहीन प्रदेश हें त्याचें माहेर. तेथील अल्पशा उन्हाळ्यांत जमिनीवरील उथळ खळग्यांत मादी बहुधा चार अंडीं घालते. पिलें अंड्यांतून निघाल्यावर लौकरच स्वतः किडे टिपूं लागतात. पुढें थंडी पडण्यापूर्वीं हे पक्षी दक्षिणेची वाट धरतात; कांहीं आफ्रिकेंत जातात, तर कांहीं आपल्या देशांत येतात. हें अंतर सरळ रेषेनेंही पांच हजार किलोमीटरांहून अधिक भरतें. अंगांत सांठविलेली चरबी हीच त्यांची शिदोरी. साधारणतः भाद्रपदाच्या सुमारास आलेला हा पाहुणा चैत्र-वैशाखांत परत जातो.

आतां त्याची रीत पाहा. चोंच बोटाच्या एका पेराहून आखूड, पायही तसेच तोकडे. त्यामुळें खोल पाणी त्याच्या कामाचें नाहीं. जेथें पाणी दोन बोटें आहे किंवा नुकतेंच ओसरलें आहे, तेथेंच तो लगबगीनें पळत, शिवणयंत्राच्या सुईप्रमाणें चोंच खालीं-वर करीत अळ्या व बारीक किडे वेंचतो. पैठणच्या नाथसागरास १९८६ साली पक्षी-अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली, आणि त्याच्या विस्तीर्ण उथळ कांठांवर असे पक्षी हिवाळ्यांत थव्यांनीं उतरतात. मात्र पाहुण्याची सोय एका मोठ्या धरणावर सोंपवून गांवोगांवच्या तलावांनीं हात झटकावेत, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

२०१७ पासून शासनाच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेखालीं तलावांतील गाळ शेतांत नेला जातो. हें काम उत्तमच आहे. त्यानें पाणीसांठा वाढतो व जमीन कसदार होते. परंतु यंत्रानें कांठही भिंतीसारखा उभा कापला, तर तलाव भरलेला असूनही टिलव्यास उभें राहण्यास जागा उरत नाहीं. तसेंच, पाणी ओसरेल तसतशी गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्यानें पाण्याच्या कडेपर्यंत औषध फवारलें, तर किडे मरतात, आणि तेंच विष पिण्याच्या पाण्यांत उतरतें.

कोणी विचारील, 'माणसांस पाणी नाहीं, तेथें पांखरांची काळजी कशाला?' प्रश्न रास्त आहे. पाण्यावर पहिला हक्क माणसांचा, हें आम्हांसही मान्य आहे. तथापि येथें मागणें पाण्याचें नाहीं. गाळ मध्यभागीं खोल काढावा, एका बाजूचा कांठ उतरता ठेवावा, आणि गाळपेर करतांना पाण्यालगतची चार पावलांची पट्टी मोकळी सोडावी, इतकेंच मागणें आहे.

आपल्या बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस परमुलखांत जातात. उतरण्याच्या ठिकाणीं सावली, सरपण व पाणी मिळालें नाहीं तर काय हाल होतात, हें त्यांस कोणी शिकविण्याची गरज नाहीं. तीं माणसें निघतात त्याच हंगामांत हा पक्षी आपल्याकडे मुक्कामास असतो. स्थलांतराचें दुःख ज्यांस ठाऊक, त्यांच्याच गांवीं या वाटसरूस उपाशी राहावें लागूं नये.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें पक्ष्यांच्या शिकारीस मनाई केली आहे; परंतु कांठ कसा राखावा हें गांवानेंच ठरवावयाचें असतें. पालकांनीं हा विषय ग्रामसभेंत काढावा. विद्यार्थ्यांनीं गलोल घरीं ठेवून एखाद्या सकाळीं तलावावर जावें, दूर शांत उभें राहावें व किती पक्षी उतरले तें वहींत लिहून ठेवावें. दरवर्षीं अशी नोंद झाली, तर कांठ राखल्याचा उपयोग काय, हें वादानें नव्हे तर आंकड्यांनीं सांगतां येईल.