तीन तासांचे गाव

जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये १०० जागांनिशी सुरू झाले. एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घ्यावीत, असा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा दंडक आहे. त्यासाठी अभ्यासक्रमाच्या पहिल्या टप्प्यात २७, दुसऱ्यात ३० आणि तिसऱ्यात २१ तास राखले आहेत. एक भेट साधारण तीन तासांची. मेख इथेच आहे. घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावला जालन्याहून जाऊन यायचे, तर हे तीन तास रस्त्यातच खर्ची पडतात. मग वेळापत्रक सांभाळणारा विभागप्रमुख शहराला खेटून असलेले गाव निवडणार, यात नवल नाही. डॉक्टरांची वानवा जिथे जास्त, तेच गाव यादीबाहेर राहते.

शिवाय दिवसा घरची माणसे शेतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेले कुटुंब तर पुढचे पाच-सहा महिने भेटतच नाही. फडावर रक्तदाबाची गोळी का सुटली, बाळाची लस कुठे चुकली, रात्री साप चावला तर गाडी कोणाकडे मागायची, हे विद्यार्थ्याला कळणार कधी?

वाट ठाऊक नाही असे नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडीचे दत्तक गाव असते आणि पहिल्याच वर्षी विद्यार्थी तिथे शिबिराला मुक्कामी राहतात. जालन्यानेही सुटे तास जोडून मुक्काम करावा. एक तरी पावसाळ्यात, ऊसतोडीच्या टोळ्या गावी असताना. मुलामुलींच्या राहण्याची सुरक्षित सोय, सोबत शिक्षक आणि गाव दाखवणाऱ्या आशाताईंना त्याचे वेगळे मानधन, एवढा खर्च शासनाने सोसावा. मात्र शिकाऊ विद्यार्थी म्हणजे फुकटचा डॉक्टर नव्हे. रिकाम्या पदावर त्याला बसवले, तर रुग्णाचीही फसवणूक आणि त्याचीही.

आयोगाने तास मोजले, आता अंतरही मोजावे. दत्तक गावांपैकी निदान एक महाविद्यालयापासून ४० किलोमीटरपलीकडचे असलेच पाहिजे, एवढी एक ओळ नियमात घातली तरी कुंभार पिंपळगावसारखी गावे यादीत येतील.