जुना संगणक आणि नवें विंडोज

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टिमची नेहमींची देखभाल बंद केली. ही गोष्ट ठरली अमेरिकेंत. परंतु तिचे पडसाद चारोटीच्या नाक्यावरील झेरॉक्सच्या दुकानापासून डहाणूच्या चिकूबागाइतदारांच्या घरापर्यंत उमटले. ‘सर, आमचा संगणक आतां भंगारांत घालावा लागणार काय?’ असें पालक विचारतात. ‘सर, नवें विंडोज घालूं का?’ असें मुलें विचारतात. विक्रेत्यांचें उत्तर तयारच असतें, आणि तें बहुधा नव्या यंत्राच्या किंमतीसह मिळतें. ज्या घरांत एका संगणकासाठीं दोन दोन वर्षें पैसे सांचवावे लागतात, त्या घराला हा प्रश्न थट्टेचा नाहीं. म्हणून त्याचा थोडा सावकाशीनें विचार होणें अवश्य आहे.

प्रथम मुलांसाठीं दोन शब्द. ऑपरेटिंग सिस्टिम हा संगणकाचा कारभारी होय. कळफलकावर बोट पडतांच पडद्यावर अक्षर उमटविणें, फाइल जपून ठेवणें व मागितली म्हणजे काढून देणें, प्रिंटरकडून कागद छापून घेणें, इंटरनेटच्या दाराशीं पहारा करणें, हीं सर्व कामें तो करतो. या पहाऱ्यांत उणीवा असतात; त्या जसजशा सांपडतात तसतशी त्यांची दुरुस्ती कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं पाठवीत असते. विंडोज १० साठीं हें आपोआप व फुकट येणें थांबलें, एवढाच त्या तारखेचा अर्थ. यंत्र त्या रात्रीं बंद पडलें नाहीं, व पुढेंही केवळ त्या कारणानें बंद पडणार नाहीं. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीं घराचीं कौलें चाळतात. एखादे वर्षीं न चाळलीं म्हणून घर कोसळत नाहीं, पण पहिल्या मोठ्या झडींत तें कोठें गळेल हें कोणालाही सांगतां येत नाहीं. येथेंही तसेंच आहे.

हें गळणें कसें असतें, याचा अनुभव जगानें २०१७ सालीं घेतला. त्या वर्षीं १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा एक दुष्ट प्रोग्रॅम सुटला व त्यानें सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइलींना कुलूप घालून खंडणी मागितली. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढें ढकलाव्या लागल्या. आतां यांतील खरी मौज पाहा. ज्या भगदाडांतून तो आंत शिरला, त्याची दुरुस्ती १४ मार्च रोजींच, म्हणजे जवळ जवळ दोन महिने आधीं, प्रसिद्ध झाली होती. आणि बळी पडलेलीं बहुतेक यंत्रें कांहीं विंडोज एक्सपीचीं नव्हतीं, तर ज्याची देखभाल तेव्हां चालूच होती त्या विंडोज ७ चीं होतीं. औषध घरांत होतें, घेतलें मात्र कोणी नव्हतें. त्याच वर्षीं जून महिन्यांत ‘नोटपेट्या’ आला, व त्यानें आपल्या न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें काम विस्कळित केलें. पण हा पाहुणा प्रथम युक्रेनमध्यें शिरला तो हिशेबाच्या एका प्रोग्रॅमच्या ‘अपडेट’च्याच पालखींत बसून. पुढें १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटनें सुमारें पंच्याऐंशी लाख विंडोज-यंत्रें एका दिवसांत निपचित पाडलीं, आणि आपल्या देशांतील कांहीं विमानतळांवर उतारूंना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली.

तेव्हां ‘नवें तें चांगलें’ हें जसें खरें नाहीं, तसें ‘जुनें तें सोनें’ हेंही संगणकाच्या बाबतींत खरें नाहीं. माझें मत असें आहे कीं, सुरक्षिततेची मासिक दुरुस्ती आठवड्याभरांत घ्यावी. पण अख्खी नवी ऑपरेटिंग सिस्टिम घेण्याची घाई करूं नये. इतरांचीं यंत्रें दोनचार महिने नीट चाललेलीं पाहून मगच तिला हात घालावा.

परंतु विंडोज ११ च्या बाबतींत नुसत्या इच्छेनें भागत नाहीं. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं निघालेल्या या सिस्टिमला ४ जीबी मेमरी व ६४ जीबी साठवण तर लागतेच, शिवाय ‘टीपीएम २.०’ नांवाची, गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय लागते. आणि इंटेलचे प्रोसेसर, थोडे अपवाद सोडल्यास, आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे, म्हणजे साधारणतः २०१७ च्या उत्तरार्धानंतरचे, असावे लागतात. आमच्या भागांत मुंबईच्या कचेऱ्यांतून निघालेलीं जुनीं यंत्रें घेणारीं घरें पुष्कळ आहेत. तीं यंत्रें सहाव्या-सातव्या पिढीचीं. धड चालणारीं, आणखी पांच वर्षें सहज चालतील अशीं. पण या दारांतून आंत न येणारीं. रोपवाटिकेंत नवें कलम आलें म्हणून घोलवडचा बागाइतदार फळानें लगडलेलें चिकूचें झाड तोडीत नाहीं. किल्ल्या सांभाळण्याच्या सोयीमागील कारण मला समजतें. तरी हीं निरोगी यंत्रें एका अटीपायीं निकामी ठरावीं, हें मला न्याय्य वाटत नाहीं. ही अट चुकवून विंडोज ११ बसविण्याच्या युक्त्या मुलें मोबाइलवर पाहतात व मोठ्या अभिमानानें सांगतात. पण अशा यंत्राला पुढें दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाहीं, मग ज्याच्यासाठीं खटाटोप करावयाचा तेंच हातचें जातें.

दुकानांत सहसा न सांगितली जाणारी एक गोष्ट येथें सांगतों. घरगुती वापराच्या विंडोज १० ला सुरक्षिततेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची योजना कंपनीनें केली. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानें प्रवेश करून यंत्राच्या सेटिंगची प्रत तेथें ठेवण्यास संमति दिली तर त्यासाठीं पैसेही पडत नाहींत, एरव्हीं ३० डॉलर. शिक्षणसंस्थांसाठीं हीच मुदत तीन वर्षांची, आणि दर यंत्रामागें पहिल्या वर्षीं १, दुसऱ्या वर्षीं २ व तिसऱ्या वर्षीं ४ डॉलर. नव्या यंत्रासाठीं कर्ज काढण्याच्या विचारांत असलेल्या पालकांनीं हे आंकडे आधीं पाहावे.

मराठी लिहिणाऱ्यांच्या वाट्याला या प्रश्नांत आणखी एक अडचण येते, व इंग्रजी मार्गदर्शकांत तिचा उल्लेख सांपडावयाचा नाहीं. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं आमच्याकडील टंकलेखन श्रीलिपि, आयएसएम, ‘शिवाजी’ अशा साधनांवर चालत असे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनें श्रीलिपि व पुण्याच्याच सी-डॅकनें आयएसएम देऊन मराठी छपाईवर फार उपकार केले. परंतु त्या जुन्या पद्धतींत रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे आकार बसविलेले असत. फॉन्ट नसला कीं मराठी फाइल उघडतांच पडद्यावर इंग्रजी अक्षरांची निरर्थक खिचडी दिसते. युनिकोडनें देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा तक्ता दिला. त्यांत ‘क’ हा जगांतील कोणत्याही यंत्रावर ‘क’च राहतो. आणि हा तक्ता वाढतही गेला आहे. ‘ॲड्व्होकेट’ शब्दाच्या आरंभींचें ‘ॲ’ हें अक्षर त्यांत २००८ सालीं आलें. म्हणून २००१ सालीं निघालेल्या विंडोज एक्सपीवर, मूळच्या फॉन्टांत, त्या जागीं रिकामी चौकट दिसते. भारत सरकारनें १५ जुलै २०१० रोजीं स्वीकारलेलें ‘₹’ हें चिन्ह विंडोज ७ मध्यें जन्मतः नव्हतें. तें मागाहून अपडेटनेंच आलें. जे म्हणतात कीं अपडेट म्हणजे केवळ कंपनीचें खूळ, त्यांनीं आपल्याच भाषेचीं हीं दोन उदाहरणें लक्षांत ठेवावीं.

यावरून कामाची दिशा ठरते. ज्या कार्यालयांत जुन्या प्रश्नपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले, मंडळांच्या सभांचीं इतिवृत्तें जुन्या फॉन्टांत पडून आहेत, त्यांनीं तीं सर्व जुन्या यंत्रावरच युनिकोडमध्यें उतरवून, एकेक उघडून, जोडाक्षरें तपासून घ्यावीं, आणि मगच नव्या यंत्राकडे वळावें. जुनें टंकलेखनाचें साधन व त्याचें डोंगल नव्या विंडोजवर चालेलच असें नाहीं. १ एप्रिल १९५७ रोजीं नवे पैसे आले, तरी जुनीं नाणींही त्यांच्या जोडीनें कांहीं वर्षें चाललींच. आमचे वृद्ध तर अजून ‘बारा आणे’ म्हणतात. तसे जुनें व नवें यंत्र कांहीं महिने शेजारीं शेजारीं ठेवावें.

आतां मुख्य मुद्दा. ‘माझा संगणक किती जुना आहे?’ असें सर्व विचारतात. मला वाटतें, आधीं विचारावयाचें तें हें: या संगणकांत कोणाचे कागद आहेत? चिकूच्या तोडणीचा हिशेब ठेवणाऱ्या, इंटरनेटला कधींच न जोडलेल्या घरच्या यंत्रावर जुनें विंडोज दहा वर्षें राहिलें तरी कोणाचें नुकसान नाहीं. परंतु नाक्यावरील दुकानाची गोष्ट वेगळी. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून माणसें जातीच्या दाखल्यासाठीं, शिष्यवृत्तीसाठीं, वनहक्काच्या दाव्यासाठीं तेथें येतात. आधार कार्ड, सातबारा, बँकेचें पासबुक स्कॅन करून घेतात. आणि मूळ कागद पिशवींत घालून निघून जातात. त्यांच्या कागदांची प्रत त्या यंत्रांत मागें राहिली आहे हें त्यांना ठाऊकही नसतें. त्या यंत्राला चोरट्यानें भोंक पाडलें तर नुकसान दुकानदाराचें थोडें, आणि पाड्यावरच्या त्या बाईचें सर्वस्वी. शाळेच्या कचेरींतील यंत्रही याच जातीचें. ‘सरल’ आणि ‘यूडायस प्लस’ यांच्यासाठीं मुलांचीं नांवें, जन्मतारखा, आधार क्रमांक आम्ही त्यांत भरतों. मुलांनीं व पालकांनीं तीं विश्वासानें दिलेलीं असतात. हातांत पैसा थोडा असेल तर तो प्रथम येथें खर्चावा. संगणक-वर्गांतील चकचकीत नवीं यंत्रें पाहुण्यांना दाखविण्यास बरीं दिसतात, व कचेरींतील खोका कोणाला दिसत नाहीं, म्हणून पुष्कळ ठिकाणीं क्रम उलटा होतो. तो उलटा होऊं देऊं नये, असें मी आग्रहानें म्हणतों.

मग वर्गांतील जुन्या यंत्रांचें काय? त्यांच्यासाठीं लिनक्स आहे. तें फुकट मिळतें, जुन्या यंत्रावर चालतें, व त्यांत मराठी उत्तम लिहितां येतें. केरळ राज्यानें आपल्या सरकारी शाळांतून संगणकाचें शिक्षण अनेक वर्षें लिनक्सवरच चालविलें आहे. आपल्या सी-डॅकनेंही ‘बॉस’ नांवाची लिनक्स-प्रणाली घडविली. तथापि पालकांची एक शंका रास्त आहे: महाराष्ट्रांत नोकरीसाठीं एमएस-सीआयटीचें प्रमाणपत्र मागतात, व तो अभ्यासक्रम विंडोजवर बेतलेला आहे. म्हणून सर्वच यंत्रें लिनक्सवर न्यावीं असें मी म्हणणार नाहीं. खालच्या वर्गांनीं लिनक्सवर शिकावें, नववी-दहावीच्या मुलांसाठीं चारदोन यंत्रें विंडोजचीं ठेवावीं. दोन कारभाऱ्यांच्या हाताखालीं काम केलेला मुलगा तिसऱ्यालाही बुजत नाहीं.

एका गोष्टीबद्दल मात्र मी कठोर आहे, आणि ती म्हणजे ‘क्रॅक’ केलेलें फुकटें विंडोज. तें चोरीचें असतें हें तर झालेंच. पण तें बसवितांना पुष्कळदां दुरुस्त्या येण्याची वाटच बंद केलेली असते, व कित्येकदां त्याच्याबरोबर रोगही येतो. तसेंच ‘तुमच्या विंडोजची मुदत संपली, मी कंपनींतून बोलतों’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. कंपनी अशी कोणाला फोन करीत नाहीं.

ज्यांचें नवें विंडोज घेण्याचें ठरलें असेल त्यांनीं फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर व आणखी एकीकडे घ्यावी. हा प्रोग्रॅम कित्येक जीबींचा असतो, तेव्हां मोबाइलच्या डाट्यावर तो उतरविण्याच्या फंदांत पडूं नये. आणि आमच्याकडे पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसल्यामुळें यूपीएस नसेल तर हें काम जून ते सप्टेंबर टाळावें. जुनें यंत्र भंगारवाल्याला देण्यापूर्वीं त्यांतील डिस्क काढून घ्यावी, किंवा निदान ती पूर्ण पुसून घ्यावी. नुसती फाइल ‘डिलीट’ केल्यानें ती जात नाहीं, हें आमच्या नववीच्या मुलांना ठाऊक आहे. घरीं कोणाला डिस्क काढतां येत नसेल तर त्यांतील एखाद्याला हांक मारावी.