घासू, पण विकणार नाही

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला सल्ला द्यायला आपल्या देशात कसलाही परवाना लागत नाही. गाडी चालवायला लागतो. गाडीबद्दल बोलायला लागत नाही. ज्याने जन्मात कधी स्टेपनी बदललेली नाही तोही पानाची पिचकारी टाकून विचारतो, "काऊन हो भाऊ, हे भंगार अजून ठेवलंच हाय काय?" आणि तीच गाडी तुम्ही स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हाताने, सुटी करून रंगवायला काढली, की मग तर विचारूच नका. तुम्ही गाडीचे नव्हे, डोक्याचेच स्क्रू काढून बसला आहात अशा नजरेने अख्खी भातकुली तुमच्याकडे पाहू लागते.

माझ्याकडे १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी घेतलेली. मी बँकेत कारकून आहे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि पूर्ण शुद्धीवर आहे. दिवाळी संपल्यापासून शिमग्यापर्यंत दर सुट्टीला मी ही गाडी घरी उघडली, घासली, रंगवली आणि पुन्हा जोडली. या काळात जे सल्ले फुकट मिळाले त्यांना जाहीर उत्तर देणे आता भाग आहे. सल्लागारांचे पक्ष तीन. पहिला म्हणतो, रंग ही नुसती हौस. दुसरा म्हणतो, हे घरी करायचे काम नव्हे. तिसरा म्हणतो, विकून टाका. तिघांचाही समाचार क्रमाने घेतो.

रंग म्हणजे गाडीची पावडर-लाली, असे समजणाऱ्यांनी एकदा गाडी खालून पाहावी. ट्रकला वेगळी चासी असते. वरचे कातडे कुजले तरी खालचे लोखंड उभे राहते. पद्मिनीला तशी वेगळी चासी नाही. फियाटने १९५३ साली ११०० चे नवे मॉडेल काढले तेव्हापासून तिचे कातडे आणि हाडे एकच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून याच वंशातली फियाट बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचे बारसे होऊन ती पद्मिनी झाली. नाव राणीचे असले तरी दाराखालची पट्टी गंजली की नुसते रूप जात नाही, बरगडी मोडते. रंग हा तिचा शालू नव्हे, तिची कातडी आहे. कातडी सोलवटली तर मलम लावणाऱ्याला कोणी हौशी म्हणत नाही.

त्यातून आमचे गाव खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. गावाच्या नावात भात, शेतात कापूस, तूर आणि हरभरा, आणि पाण्यात मीठ, असा आमचा संसार. या पाण्याने वर्षानुवर्षे गाडी धुतली तर पत्र्याचे लोणचे पडते. पाणी लावून पत्रा घासताना मिठाचा अंश राहिला आणि त्यावर रंग चढला, की तो अंश खालून ओल ओढतो, रंगाला फोड येतात आणि फोडाखाली गंज धरतो. म्हणून घासाईला बोअरचे पाणी मी शिवू दिले नाही. नळाचे गोडे पाणी वापरले. त्यावर सौ.ने विचारले, "म्हणजे गोडं पाणी गाडीला आणि खारं माणसांना का?" तिन्ही पक्षांच्या सल्लागारांकडून मिळून इतका मुद्देसूद आक्षेप आला नाही.

आता दुसरा पक्ष. हा जरा पोक्त असतो. "गॅरेजले टाका ना भाऊ, आठ दिवसांत चकाचक!" आठ दिवसांत चकाचक कशी होते ते मी पाहिले आहे. वडिलांच्या वेळी ही गाडी एका गॅरेजात जाऊन आली होती. नाव कशाला घ्या. या वेळी दाराचा खालचा रंग खरवडला, तर आत पत्रा नव्हताच. बोटभर जाडीची नुसती लांबी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, पत्र्याचा खड्डा बुजवायच्या लुकणाला गॅरेजात लांबी म्हणतात. खोली लांबीने भरून काढायची, हा भूमितीचा चमत्कार फक्त तिथेच घडतो. बारीक पोचा बुजवायला ती पातळ हाताने लावावी, त्याबद्दल तक्रार नाही. पण गंजाला भोक पडले असेल तर गंज कापून नवा पत्राच जोडावा लागतो. गंज हा थकलेल्या कर्जासारखा असतो. वरून झाकला तरी आत व्याज चढतच राहते. जुनी गाडी घेणाऱ्यांनी खिशात एक लोहचुंबक ठेवावे. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे.

सांगायचा मुद्दा असा, की रंगकामात रंगाचे काम थोडेच असते. बाकी सगळी घासाई. आधी बंपर, दिवे, जाळी, हँडले, पट्ट्या आणि काचांची रबरे सगळे काढायचे. घाईच्या कामात यावर कागद चिकटवून भोवताली रंग मारतात. मग रबराच्या कडेशी रंगाला काठ येतो आणि दोन पावसाळ्यांत तिथूनच तो सोलायला लागतो. सगळे काढले की ऐंशी नंबरच्या पेपरने गंज उतरवायचा, प्रायमर, लांबी, पुन्हा घासणे, सरफेसर, मग चारशे नंबरचा पाण्याचा पेपर, मग रंग, आणि शेवटी पंधराशे-दोन हजार नंबरने अंगठीसारखे घासून पॉलिश. हे आठ दिवसांत होत नाही. ज्याच्याकडे दहा गाड्या रांगेत उभ्या आहेत त्याने तरी ते कसे करावे? घरी माझी एकच गाडी रांगेत होती, आणि तिला कुठे जायची घाई नव्हती.

आमच्या आळीत एक चाचा राहतात. चाळीस वर्षे अमरावतीत गाड्या रंगवून आता घरी बसले आहेत. ते मधूनमधून येऊन खाटेवर बसत आणि माझ्या घासाईवर तळहात फिरवीत. डोळ्यांना जे दिसत नाही ते त्यांच्या तळहाताला कळे. "रंग कोनीबी मारते साहेब," ते म्हणाले, "घिसाई कराले जिगर लागते." त्यांच्या पोरांपैकी कोणी हे काम शिकले नाही. म्हणजे हा तळहात गेला की ती विद्या गेली. सल्लागारांपैकी एकानेही या तोट्याचा हिशेब मांडलेला मी ऐकला नाही.

घरी करण्यातल्या धोक्यांबद्दलही बोलतो, नाहीतर म्हणाल कारकून सोयीचेच आकडे वाचतो. हल्लीचे दोन डब्यांचे रंग फार चकचकीत, पण त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा छातीत गेला तर दमा जडू शकतो, आणि नाकाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. ते काम योग्य साधने असलेल्याचेच. मी जुना एनसी रंग, म्हणजे आपला ड्यूको, निवडला. तरीही तोंडाला वाफ शोषणारा मास्क लावला, आणि थिनर पेट घेणारा म्हणून घरातली शेगडी बंद ठेवली. ड्यूकोला हंगामही सांभाळावा लागतो. वऱ्हाडच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना रंग गनमधून निघून पत्र्यावर पोचायच्या आतच सुकतो आणि दार खसखस लावलेल्या अनारशासारखे दिसते. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने तो पांढरा पडतो. राहिली थंडी, पण ते नेमके कापसाचे दिवस, तेव्हा अंगणात चांगला सडा घालून धूळ आणि तंतू खाली बसवायचे आणि पहाटवारा थांबला की हात चालवायचा.

जोडणीत मात्र माझी नोकरी कामी आली. फराळाच्या रिकाम्या डब्यांत स्क्रू, प्रत्येक डब्यात चिठ्ठी: कुठला भाग, किती नग, कोणत्या तारखेस काढले. रबर कोमट साबणाच्या पाण्यात मऊ करून घेतले. पुढची काच बसवताना रबराच्या खाचेत दोरी घातली, बाहेरून काच दाबून धरली आणि आतून दोरी ओढत नेली, तशी रबराची कड पत्र्यावर चढत गेली. बंपरच्या निकेलवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियमची चांदी ओली करून घासली की निघतो. शेवटी सगळे डबे रिकामे झाले आणि एकही नग शिल्लक राहिला नाही. ट्रायल बॅलन्स पहिल्या झटक्यात जुळल्याचे सुख ज्याला ठाऊक आहे त्यालाच हे कळेल.

आता तिसरा पक्ष: "इकून टाका ना भाऊ! किंमत तरी काय रायली तिची?" किमतीचे मला सांगू नका, मी बी.कॉम. आहे. आयकराच्या तक्त्यात मोटारीला वर्षाला १५ टक्के घसारा धरतात, तोही घटत्या शिल्लकेच्या पद्धतीने. लाखाची गाडी पंधरा वर्षांनी ८,७३५ रुपयांची होते आणि चाळीस वर्षांनी सुमारे दीडशे रुपयांची. पण या पद्धतीची गंमत अशी, की शिल्लक कधी शून्य होत नाही. पुस्तके लिहिणाऱ्यालाही वाटले असावे, की वापरातल्या वस्तूला शून्य म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

उलट नवी गाडी घेणाऱ्यांचे अर्ज मी रोज टेबलावर पाहतो. सात वर्षांचे कर्ज, चौऱ्याऐंशी हप्ते. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरल्यावर माणसाचा जन्म मिळतो म्हणतात, तसे चौऱ्याऐंशी हप्ते फिरल्यावर आरसी बुकावरचे बँकेचे नाव जाते. तोवर घसाऱ्याच्या हिशेबाने लाखाचे बत्तीस हजार उरलेले असतात. गरज असणाऱ्याने जरूर घ्यावी. पण 'शेजाऱ्याने घेतली' हे कारण अर्जात लिहायला रकाना नसतो, म्हणून लोक 'कौटुंबिक वापर' लिहितात, एवढेच माझे निरीक्षण.

सरकारचे गणितही ऐका. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. मग तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली आणि २०२५ साली वीस वर्षांपुढच्या मोटारीला १०,०००. आणि २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षे मूळ रूपात टिकली, की तीच गाडी व्हिंटेज! म्हणजे विसाव्या वर्षी गुन्हेगार आणि पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली तीस वर्षे तिने कुठे लपून काढायची? शिवाय व्हिंटेज झाल्यावर ती रोज चालवायची नाही, प्रदर्शनाला न्यायची. जुन्या गाड्यांचा धूर जास्त, हे मला मान्य. त्यांत एअरबॅग नाही, हेही मान्य. म्हणून माझी पद्मिनी समृद्धी महामार्गावर जात नाही, भातकुली ते अमरावती करते. धूर तपासा, ब्रेक तपासा, नापास झाली तर उभी करा. पण तपासा. जन्मतारीख पाहून निकाल लावू नका. चाळिशी उलटलेल्या माणसाला हे तत्त्व पटायला वेळ लागत नाही.

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदलेली, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी उठली. त्या दिवशी हळहळ केवढी! जन्मभर तिला खटारा म्हणणाऱ्यांनी तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढले. आपल्याकडे वस्तू दारात आहे तोवर भंगार असते आणि गेली की आठवण. मला आठवण नको, गाडी हवी आहे. ज्यांना अजूनही सल्ला द्यायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी यावे, मागचे एक दार अजून पॉलिशचे बाकी आहे. दोन हजार नंबरचा पेपर मी देईन. गोडे पाणी मात्र आपापले आणावे.